‘मी तर फक्त यादी सांभाळते’

पत्राचा गोषवारा: वाचक भगिनींचं वय ३८. घरातल्या आजारपणामुळे तीन वर्षांपूर्वी त्यांनी मनुष्यबळ विभागातली नोकरी सोडली. गेले पाच महिने त्या एका ऑनलाइन उपक्रमात विनामोबदला समन्वयक आहेत. राष्ट्रीय सुरक्षेच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण मुलींची त्या क्षेत्रात काम केलेल्या मेंटॉरशी गाठ घालून देणारा हा उपक्रम. त्यांच्याकडे २२ मेंटॉर आणि ३१ मुली आहेत. जोड्या लावायच्या, कॉलच्या वेळा जुळवायच्या, महिनाअखेर आढावा घ्यायचा. सगळं घरूनच, संयोजकांना त्या प्रत्यक्ष कधी भेटलेल्या नाहीत. आठवड्याला ५ तास लागतील असं ठरलं होतं, १२-१३ लागतात. चार-पाच मेंटॉर निरोपांना उत्तरच देत नाहीत. भूगर्भशास्त्र शिकणारी एक मुलगी तीन आठवडे पहिल्या कॉलची वाट बघते आहे. त्यात गेल्या पंधरवड्यात एका ज्येष्ठ मेंटॉरनी सगळ्या मुलींची यादी मागितली: नाव, कॉलेज, फोन आणि कोणी कुठे अर्ज केला आहे ते. “बघते” म्हणून यांनी वेळ मारून नेली. तेव्हापासून ते नाराज आहेत. घरचे म्हणतात, फुकटचं काम आणि वर नसती भानगड, सोडून दे. त्या लिहितात: “मला या क्षेत्रातलं काही कळत नाही. मी तर फक्त यादी सांभाळते. एवढ्या मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या माणसाला मी नाही कसं म्हणू? आणि मुळात का म्हणू? सोडावं की चालू ठेवावं?”

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळले. ‘फक्त’. तुमच्या बहुतेक प्रश्नांची गाठ या शब्दात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. सोडायचं की राहायचं हे नंतर बघू. तुम्हाला वाटतं तेवढं ते अवघड नाही.

राष्ट्रीय सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशे, क्षेपणास्त्रं, कुलूपबंद कपाटं येतात. त्यापुढे तुमची एक्सेल शीट शाळेच्या हजेरीपटासारखी वाटते. आता एक खरी गोष्ट ऐका. २०२० मध्ये सिंगापूरच्या एका नागरिकाने अमेरिकेतल्या न्यायालयात चिनी गुप्तचरांसाठी काम केल्याचा गुन्हा कबूल केला. त्याने कुठलं कुलूप फोडलं नव्हतं. एक खोटी सल्लागार कंपनी उभी केली, तिच्या नावाने नोकरीची जाहिरात दिली आणि वाट बघत बसला. ४०० हून अधिक बायोडेटा आपसूक चालत आले. त्यातले बहुतेक अशा लष्करी आणि सरकारी माणसांचे होते, ज्यांना गोपनीय कागद हाताळायची परवानगी होती. कोण कुठे काम करतं, कोणाला बदल हवा आहे, कोणाला पैशांची चणचण आहे हे एकदा कळलं की गळ कुठे टाकायचा ते ठरवता येतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, २०१५ मध्ये, अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यात शस्त्रांचे आराखडे नव्हते. नावं होती, पत्ते, नातेवाईक, जुनी कर्जं, लाखो लोकांच्या बोटांचे ठसे. म्हणजे यादीच.

आता तुमच्या शीटकडे बघा. आज या ३१ मुलींना कोणी ओळखत नाही. आणखी दहा वर्षांनी त्यांच्यातली एखादी सायबर हल्ल्यांचा माग काढत असेल, एखादी उपग्रहाची छायाचित्रं वाचत असेल, एखादी मंत्रालयात फाइल लिहीत असेल. त्या वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचणं अवघड जाईल. आज मात्र त्यांचं नाव, फोन, कॉलेज, आणि मुख्य म्हणजे पुढे कुठे जायचा इरादा आहे, हे सगळं एका ठिकाणी, एका ओळीत मिळतं. ते ठिकाण तुमच्या लॅपटॉपवर आहे. मेंटॉरना एक-दोन मुली माहीत आहेत, मुलींना एक मेंटॉर माहीत आहे. सगळे एकत्र दिसतात ते तुम्हाला आणि संयोजकांना.

घाबरवायचा हेतू नाही. पण ‘मला क्षेत्रातलं काही कळत नाही, म्हणून माझ्या हातात काही महत्त्वाचं नाही’ या समजुतीवर तुमची पुढची सगळी घालमेल उभी आहे, आणि ती समजूत खरी नाही.

आता ते ज्येष्ठ मेंटॉर. त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असेल. निवृत्तीनंतर हाताशी वेळ असतो, मुलींसाठी काहीतरी मोठं करावंसं वाटतं, ‘मला सगळ्यांची नावं द्या, मी बघतो’ असं म्हणायची सवय नोकरीत लागलेली असते. मी त्यांच्यावर संशय घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. पण संशय नसेल तर यादी द्यायला हरकत नाही, असं कोणी ठरवलं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यादी कोणालाच द्यायची नाही असा नियम असेल तर माणूस चांगला की वाईट हे ठरवण्याची वेळच तुमच्यावर येत नाही. नियमाचा उपयोग तेवढ्यासाठीच असतो. विश्वासाची परीक्षा घेण्याचं ओझं तो तुमच्या डोक्यावरून उतरवतो.

आणि गंमत बघा, तुम्हाला ज्यांची भीड वाटते त्यांच्याच घरचा हा नियम आहे. सुरक्षा यंत्रणांमध्ये हुद्दा कितीही मोठा असला तरी प्रत्येक कागद बघायला मिळत नाही. ज्याला कामासाठी जेवढं कळायला हवं, तेवढंच त्याला कळतं. ज्यांनी आयुष्यभर गरजेपुरत्या माहितीच्या तत्त्वावर नोकरी केली, त्यांना तुमचा नकार उद्धटपणा वाटायचं कारण नाही. उलट एखादे असे गृहस्थ मनात म्हणतील, ही बाई कामाची दिसते. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. इथे तुमच्या भिडेची किंमत तुम्ही मोजणार नाही, त्या ३१ जणी मोजतील.

नकार कसा द्यायचा हा तुमचा खरा प्रश्न आहे, तर मी असं काहीतरी लिहीन: “नमस्कार सर. मुलींची माहिती फक्त त्यांच्या मेंटॉरना आणि तीही गरजेपुरतीच द्यायची असं आपल्या उपक्रमात ठरलं आहे, त्यामुळे पूर्ण यादी कोणालाच देता येत नाही. तुम्हाला आणखी मुलींना मदत करायची इच्छा आहे हे वाचून बरं वाटलं. कोणत्या विषयात वेळ देऊ शकाल ते कळवलंत, तर मी त्या मुलींना विचारते आणि ज्या तयार असतील त्यांची तुमच्याशी गाठ घालून देते.” या निरोपाची प्रत संयोजकांना. ‘क्षमस्व’ लिहायची गरज नाही. मात्र ‘ठरलं आहे’ हे खरं असायला हवं. उपक्रमात असं काही ठरलेलं नसेल तर आधी संयोजकांकडून लेखी ठरवून घ्या आणि मगच पाठवा. तोवर ‘संयोजकांना विचारून कळवते’ एवढंच पुरे.

उत्तर काय येतं याकडे लक्ष ठेवा. ‘बरोबर आहे’ म्हणणारा माणूस आणि ‘मी कोण आहे हे तुला माहीत आहे का?’ म्हणणारा माणूस यांत तुम्हाला फरक कळेल. मनुष्यबळ विभागात तुम्ही शेकड्यांनी मुलाखती घेतल्या असतील. दुसऱ्या प्रकारचं उत्तर आलं, किंवा ते तुम्हाला टाळून थेट मुलींकडे एकमेकींचे नंबर मागू लागले, तर तो विषय तुमच्या एकटीचा राहत नाही. त्याच दिवशी संयोजकांना सांगायचं.

दुसरी गोष्ट, ‘कुठे अर्ज केला आहे’ हा रकाना तुमच्या शीटमध्ये मुळात आहेच कशाला? ब्रिटनची देशांतर्गत गुप्तचर संस्था एमआय५ आपल्याकडे अर्ज करणाऱ्यांना सांगते की जोडीदार किंवा अगदी जवळच्या नातेवाइकापलीकडे कोणाशीही याबद्दल बोलू नका. इतरही यंत्रणांना असा संयम आवडतो. म्हणजे तुमचा फॉर्म भरताना एखादी मुलगी प्रामाणिकपणे खरं लिहील आणि नेमकी तिथेच तिची पहिली चूक होईल. तो रकाना काढून टाका, जुनी उत्तरं पुसा. जोडी लावायला ‘कोणत्या प्रकारच्या कामात रस आहे’ एवढं पुरतं.

शीटचे दोन भाग करा. एकात नाव आणि संपर्क, दुसऱ्यात क्रमांक, विषय, मेंटॉर, कॉलच्या तारखा. रोजचं काम दुसऱ्यावर चालेल. पहिली उघडायची वेळ क्वचित यावी. ती कोणाकोणाला दिसते ते आजच तपासा. ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशी सोय चालू राहिलेली अनेकदा सापडते. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. ज्या मुली कार्यक्रम संपवून गेल्या त्यांचा तपशील पुसून टाका. ‘असू दे, कधीतरी लागेल’ ही आपली सवय या कामात घातक आहे. आणि सगळ्यांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर बंद करा, कारण त्यात प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मदत गटासाठी मी समन्वयाचं काम करत होते. अतिशय खासगी अडचणींवर लोक तिथे बोलायला येत. एका रात्री घाईत मी ४० जणांना एकच ई-मेल पाठवला आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील अशा जागी टाकले. सकाळी एका बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, एवढंच म्हणाल्या, “त्या यादीत माझे शेजारी आहेत.” त्या पुन्हा आल्या नाहीत. तेव्हापासून एकापेक्षा जास्त नावं असलेला कोणताही निरोप मी दोनदा वाचल्याशिवाय पाठवत नाही.

आता मेंटॉरकडे वळू. २२ पैकी किती जणांची खातरजमा झाली आहे? कोणीतरी प्रत्यक्ष चेहरा बघून बोललं आहे, जुन्या सहकाऱ्याकडे चौकशी केली आहे, असे किती? लिंक्डइनचं पान बघून घेतलं असेल तर ती खातरजमा नव्हे. एमआय५ने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की त्याआधीच्या पाच वर्षांत किमान १०,००० ब्रिटिश नागरिकांना अशा माध्यमांवरून खोट्या प्रोफाइलनी गाठलं होतं. जाता जाता एक मजा: ‘मेंटॉर’ हा शब्द ग्रीक कथेतल्या एका वृद्ध मित्राच्या नावावरून आला, पण त्या कथेत तरुण मुलाला धीर द्यायला जी येते ती खुद्द अथेना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. म्हणजे पहिला मेंटॉरच तोतया होता! तिचा हेतू चांगला होता, हे त्या मुलाचं नशीब.

खातरजमा करण्याचं काम तुमच्या एकटीवर नको, ते संयोजकांचं आहे. पण ‘झाली आहे’ असं त्यांच्याकडून प्रत्येक नावापुढे लिहून घ्या. आणि तेच संयोजकांनाही लागू. पाच महिने तुम्ही ज्यांच्यासाठी काम करता आहात ते कोण, संस्था नोंदलेली आहे का, खर्च कोण करतं, मुलींची माहिती शेवटी कुठे साठते? हे प्रश्न मनुष्यबळाच्या नोकरीत तुम्ही कुठल्याही पुरवठादाराला विचारले असते. सेवाभावी काम म्हटलं की आपण ते विचारायला संकोचतो. सरळ विचारा. ज्यांचं काम स्वच्छ आहे ते एका ई-मेलमध्ये उत्तर देतील.

मेंटॉर काय बोलू शकतात याचीही तुम्हाला धास्ती वाटत असणार, पत्रात तसं स्पष्ट लिहिलं नसलं तरी. साधी रेघ अशी आहे. करिअरबद्दल, अभ्यासाबद्दल, चुकांबद्दल, त्या कामातल्या एकटेपणाबद्दल, घर सांभाळून ते कसं जमवलं याबद्दल खुशाल बोलावं. कोणत्या मोहिमेत काय झालं, कोणती यंत्रणा कशी चालते हे मुलींनी विचारू नये आणि मेंटॉरनी सांगू नये. भारताच्या १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात माहिती देणाऱ्याबरोबर ती जाणूनबुजून घेणाराही अडकू शकतो, हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. निवृत्त झाले म्हणजे बंधन सुटलं असंही नाही. भारतात गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कामाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी लागते. २०२१ मध्ये हे नियम आणखी कडक झाले आणि ते मोडले तर पेन्शनवर गदा येऊ शकते. अमेरिकेतही अनेकांना निवृत्तीनंतर लिखाण आधी तपासून घ्यावं लागतं. म्हणून कॉलचं रेकॉर्डिंग करू नका आणि ‘आजच्या सत्रातले मोती’ वगैरे सोशल मीडियावर टाकू नका. हौसेने टाकलेल्या अशा एका पोस्टपायी एखाद्या भल्या माणसाला खुलासे देत बसावं लागेल.

चार मुली आणि एक मेंटॉर असं सामूहिक सत्र असेल तर चॅटम हाउसचा नियम लावा. लंडनमधल्या या संस्थेने तो १९२७ मध्ये घालून दिला: बैठकीत ऐकलेलं वापरायला मोकळीक, पण ते कोण बोललं आणि तिथे कोण होतं हे बाहेर सांगायचं नाही. सत्राच्या सुरुवातीला तुम्ही तो नियम वाचून दाखवला की पुरे. मेंटॉरही मोकळे होतात.

मेंटॉर एका देशात आणि मुलगी दुसऱ्या देशात अशी एखादी जोडी असेल तर दोघांनाही आधी विचारा. अमेरिकेत सुरक्षा परवान्यासाठी, म्हणजे गोपनीय कागद हाताळायच्या परवानगीसाठी, जो एसएफ-८६ नावाचा अर्ज भरतात, त्यात मागच्या ७ वर्षांतल्या परदेशी नागरिकांशी असलेल्या जवळच्या किंवा सततच्या संबंधांची माहिती द्यावी लागते. दर महिन्याच्या निर्दोष गप्पांचीही उद्या कोणाला तरी नोंद द्यावी लागेल. देता येते, त्यात काही बिघडत नाही. पण ते आधी माहीत असावं.

मुलींच्या बाजूने एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ज्येष्ठ, वजनदार माणूस आणि त्याच्या ओळखीवर पुढची वाट अवलंबून आहे असं समजणारी विशीतली मुलगी, हे नातं सरळ राहतंच असं नाही. महिन्याच्या आढाव्यात ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: ठरलेल्या वेळेबाहेर निरोप येतात का? वैयक्तिक नंबर, फोटो, भेट यांची मागणी झाली का? ‘मी शब्द टाकतो’ असं कोणी म्हणालं का? आणि तक्रार तुमच्याशिवाय आणखी कोणाकडे करता येते, हेही त्यांना सांगून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुली असतील तर प्रकरण आणखी जपून. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. अशा मुलींचे मेंटॉरबरोबरचे एकास एक कॉल तर मी बंदच ठेवीन. सोबत आणखी एक प्रौढ व्यक्ती हवी.

आता तासांचं. पाचाचे तेरा का झाले, हे तुम्ही स्वतः एकदा लिहून काढा. माझा अंदाज असा की निम्मा वेळ त्या चार-पाच मेंटॉरना आठवण करण्यात जातो. गप्प मेंटॉरचा आपण फार विचार करतो: कामात असतील, आजारी असतील, पुन्हा विचारलं तर राग येईल. तुम्ही फक्त दोनदा विचारा. दुसऱ्या निरोपात लिहा: “या महिन्यात वेळ नसेल तर तसं सांगा, मी त्या मुलीला दुसरे मेंटॉर देते. पुढच्या फेरीत तुमची वाट बघू.” त्यांची सन्मानाने सुटका होते. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर जोडी बदलायची. पाचजण गळाले तर १७ उरतील, आणि १७ माणसांत ३१ मुली बसत नसतील तर पुढच्या फेरीत मुली कमी घ्यायच्या. हे संयोजकांना सांगायला धीर लागतो, कारण प्रत्येक उपक्रमाला आकडा वाढवायची हौस असते.

जोड्या लावण्यात मात्र वेळ घाला. तिथे तुमच्यासारख्या माणसाची खरी गरज आहे, आणि तुम्ही ‘क्षेत्रातल्या’ नाही याचा इथे फायदाच होतो. क्षेत्रातला माणूस आपल्या खिडकीतून बघतो. सैन्यातल्याला सुरक्षा म्हणजे सैन्य दिसतं, संगणकवाल्याला संगणक. बाहेरच्याला विचारावंसं वाटतं की बाई, यात आणखी काय काय येतं? भाषांतर येतं, पैशांचा माग काढणारे हिशेबनीस येतात, साथरोगांचे जाणकार, निर्यात नियमांचे वकील, नकाशे काढणारे. तुमच्या त्या भूगर्भशास्त्राच्या मुलीचंच घ्या. तिला कोण मेंटॉर दिला होता हे तुम्ही लिहिलं नाही. ज्यांना सवड होती ते, असंच असणार. १९९६ च्या अणुचाचणी बंदी कराराच्या देखरेखीसाठी जगभर जे जाळं आखलेलं आहे, त्यात १७० भूकंपमापन केंद्रं आहेत. जमिनीचा हादरा निसर्गाचा की माणसाने केलेल्या स्फोटाचा, हे आलेख वाचून ओळखावं लागतं. ते वाचणारी अनेक माणसं भूगर्भशास्त्र आणि भूभौतिकीतून येतात. त्या मुलीला कदाचित वाटत असेल की आपण चुकीच्या दारावर उभ्या आहोत. तिला लष्करी अधिकाऱ्यापेक्षा एखादा भूकंपशास्त्रज्ञ शोधून द्या. तो तुमच्या २२ जणांत नसेल तर एखाद्या विद्यापीठाला पत्र लिहा; निवृत्त प्राध्यापक बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात.

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भानगड आहे, पण ती निस्तरण्यासारखी आहे. ‘फुकटचं’ या शब्दावर मी वाद घालणार नाही. ज्या घरात आजारपण आहे तिथे १३ तास कुठून येतात हे घरच्यांना दिसतं, तुम्हाला दिसत नाही. त्यांच्याशी कामाच्या थोरवीवर बोलू नका, तासांवर बोला. ‘आठवड्याला ६, रविवारी नाही, रात्री नऊनंतर फोन नाही’ असं सांगा आणि पाळा. आणखी एक विचारते, उत्तर मला नको. या १३ तासांत तुम्हाला पुन्हा नोकरीत असल्यासारखं वाटतं का? वाटत असेल तर त्यात लाज नाही. मग खऱ्या नोकरीचाही शोध सुरू करा. या उपक्रमाला तिची जागा घ्यायला लावू नका.

माझं मत विचाराल तर ही फेरी पूर्ण करा. मध्येच सोडलंत तर मुलींची ओढाताण होईल आणि यादी कोणाच्या हातात पडेल हे तुम्हाला कळणारही नाही. पण संयोजकांना आज चार गोष्टी लेखी मागा: यादी कोणालाच न देण्याचा नियम, मेंटॉरच्या खातरजमेची नोंद, तक्रारीसाठी दुसरी व्यक्ती आणि तुमच्या जोडीला आणखी एक समन्वयक. पंधरा दिवस द्या. ‘एवढं कशाला, आपण सगळे एकाच कुटुंबातले’ असं उत्तर आलं तर फेरीची वाट न बघता निघा. निघताना मुलींना आपण जात असल्याचं कळवा, तुमच्याकडची प्रत पुसा आणि पुसल्याचं लिहून द्या.

बायोडेटात हे काम कसं लिहू, असं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलं आहे. ‘२२ मेंटॉर आणि ३१ विद्यार्थिनींच्या ऑनलाइन मार्गदर्शन कार्यक्रमाचं समन्वयन आणि त्यांच्या माहितीच्या गोपनीयतेची व्यवस्था’ असं लिहा. मेंटॉरची नावं, त्यांचे हुद्दे काही लिहू नका. मुलाखतीत कोणी विचारलंच तर ‘ते सांगता येणार नाही’ म्हणा. चांगल्या मालकाला ते उत्तर आवडेल.

हे सगळं करायला एक-दोन आठवडे जातील. पण त्या भूगर्भशास्त्राच्या मुलीला आजच दोन ओळी पाठवा: उशीर झाला ही चूक आमची, तुमचे मेंटॉर बदलत आहोत, शुक्रवारपर्यंत कळवते. आणि शुक्रवारी नाव मिळालं नसलं, तरी कळवा.